वॅगनआरला सीएनजी: किट बसवणारं दुकान आणि पॉलिसीवर चढवणारे काका

किटच्या कामाला पाचपैकी चार, कागदपत्रांना पाच, आमच्या विमा एजंटला साडेतीन आणि विमा कंपनीच्या हेल्पलाइनला एक. तो एकही फोन उचलला म्हणून. दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की आमचेच लोक म्हणणार, शेटकडून याला कमिशन चालू आहे. नाशिकमध्ये सातपूरच्या बाजूला आहे, जुनं आहे, आणि ज्याला खरंच जायचंय त्याला कुठलाही टॅक्सीवाला पत्ता सांगेल.

मी औषध कंपनीत एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारा प्रतिनिधी. सिन्नर, निफाड, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव हा माझा पट्टा. गाडी २०१८ ची वॅगनआर, ९९८ सीसी, बीएस फोर (प्रदूषणाचं आधीचं मानक; हल्लीच्या गाड्या बीएस सिक्स), पेट्रोल. सीएनजी का बसवलं हे सांगायची गरज नाही. ज्याला पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरावं लागतं तो हे गणित झोपेतही करतो. ॲव्हरेज किती, चढाला पिकअप किती पडतो, यावरही रिव्ह्यू ढिगाने सापडतात. विम्याचं काय होतं यावर मात्र कोणी चार ओळी नीट लिहिलेल्या मला मिळाल्या नाहीत, म्हणून हा खटाटोप. डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून पॉलिसी वाचायला आमच्या धंद्यात वेळ भरपूर असतो.

मी तीन ठिकाणी भाव काढला. एका ठिकाणी ४४ हजार सांगितले, कार्ड हातात दिलं, मग हळूच म्हणाले, "हा पासिंगशिवायचा रेट आहे साहेब. आरसीवर चढवायचं असेल तर वेगळे. पण कोण बघतंय?" दुसरीकडे पासिंगसकट, म्हणजे आरटीओत गाडी दाखवून आरसीवर नोंद करून, ६१ हजार. सातपूरच्या शेटनी किट आणि फिटिंगचे ५२ हजार सांगितले, पक्कं बिल, आरटीओचा खर्च वेगळा. आणि पासिंगशिवाय किट बसवणारच नाही म्हणाले. मी मुद्दाम दोनदा विचारून पाहिलं, गडी हलला नाही.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तोही किटचा नव्हता. "पॉलिसी कधी संपतेय?" मग आरसी मागितली, पॉलिसी मागितली, बॉनेट उघडून इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिला. कर्ज फिटलंय का, आरसीवरून बँकेचा बोजा उतरवलाय का, हेही विचारलं. बोजा असेल तर आधी बँकेचं पत्र आणा म्हणाले. एवढं झाल्यावर मग किटचा खोका दाखवला. दुकानांच्या बाबतीत माझं मत याच टेबलावर ठरलं.

फिटिंगबद्दल थोडक्यात. सिक्वेन्शियल किट आहे, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने गॅस सोडणारं. चार इंजेक्टरची रेल, गॅसचा दाब उतरवणारा रिड्युसर, हे सगळं चालवणारा वेगळा ईसीयू (छोटा संगणक), डॅशबोर्डवर पेट्रोल-सीएनजीचं बटण. पोरं हुशार आहेत. मूळ वायरिंग कापून ठिगळं जोडली नाहीत, जोड दिले तिथे नीट स्लीव्ह चढवली. एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. डिकीच्या तळाला सिलिंडरच्या बोल्टसाठी भोकं पाडली आणि कडांना गंज न लागणारा रंग मारायचं विसरले. मी वाकून पाहिलं म्हणून दिसलं, सांगितल्यावर लगेच मारला. दुसरं, बटण अशा जागी बसवलंय की उंच माणसाचा गुडघा त्याला लागतो आणि गाडी मुकाट्याने पेट्रोलवर जाते. डिकी तर गेलीच. स्टेपनी काढायची म्हणजे सिलिंडरखाली हात घालून झटापट.

डिकी गेली म्हणून माझी सॅम्पलची बॅग आता मागच्या सीटवर असते. यावरून एक आठवलं. खासगी कारच्या पॉलिसीत गाडीचा वापर कशासाठी चालतो याचं एक कलम असतं. भाड्याने देणं चालत नाही, शर्यत चालत नाही, मालवाहतूक चालत नाही. पण मालवाहतुकीच्या पुढे एक अपवाद आहे, नमुने आणि स्वतःचं सामान. म्हणजे माझ्या औषधांच्या सॅम्पलची सोय विमावाल्यांनी आधीच करून ठेवली आहे. मागची सीट काढून, पत्रा ठोकून त्याच खासगी गाडीतून दुकानाचा माल वाहणारे माझ्या ओळखीचे दोघे आहेत. त्यांनी ते कलम एकदा वाचावं.

आता आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. इंधन बदलण्याचं किट त्यातून वगळलेलं आहे, पण ठरलेल्या अटींवर: किट मान्यताप्राप्त, बसवणारा अधिकृत, आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद. पेठ रोडला गाडी नेली तेव्हा निरीक्षकांनी सिलिंडरवर कोरलेला नंबर वाचला, प्रमाणपत्रावरचा नंबर वाचला, पाटीवरची चाचणीची तारीख पाहिली आणि सोडलं. दुकानाचा माणूस सोबत होता, फॉर्म त्यानेच भरले होते, मला फक्त सह्या करायच्या होत्या. नवीन आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल/सीएनजी आलं. कागदांना पाच स्टार दिलेत ते याचे. बीएस सिक्स गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी २०२२ मध्ये आली, पण ज्यांची गाडी नवी आहे त्यांनी आपल्या मॉडेलला त्या किटची मान्यता आहे का, हे प्रमाणपत्रावर बोट ठेवून विचारावं. "सगळ्याला बसतं साहेब" हे उत्तर नव्हे.

इथून पुढे विमा. पॉलिसीत गाडीची जी किंमत धरलेली असते, जिला आयडीव्ही म्हणतात, ती शोरूमच्या यादीतल्या किमतीवरून घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापून काढतात. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. माझ्या गाडीची ठरली होती २ लाख ६० हजार. यात कंपनीने कारखान्यात जे बसवलं तेवढंच मोजलेलं असतं. मी नंतर ५२ हजारांचं किट बसवलं, म्हणजे गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा, आणि त्याचा या आकड्यात एक रुपयाही नाही. सांगितलं नाही तर किटचा विमा नाही, हे उघडच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट, कंपनीने धोका मोजला पेट्रोल गाडीचा आणि रस्त्यावर फिरतेय गॅसची गाडी. क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर भांडण काढतो ते इथे.

आमचे एजंट म्हणजे पंचवटीतले काका, वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अरे रिन्युअलला टाकू ना, आत्ता कशाला नवा उद्योग?" दीड स्टार इथे गेला. "काका, रिन्युअलपर्यंत गाडी घरी उभी ठेवू का?" असं विचारल्यावर हसले आणि म्हणाले, पाठव कागद. नवीन आरसी, किटचं बिल, बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि गाडीचे फोटो, एवढंच लागलं. आठवड्याच्या आत एंडोर्समेंटची, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाच्या नोंदीची, प्रत आली. तिच्यावर आयएमटी २५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे इंडियन मोटर टॅरिफ या दरपुस्तकातलं गॅस किटचं कलम. ते दिसलं की काम झालं.

दर कसा लावतात ते सांगतो, कारण हा भाग सगळ्यांना गूढ वाटतो आणि त्यात काही नाही. बाहेरून बसवलेल्या किटसाठी जुन्या टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीवर ४ टक्के, आणि थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्या विम्याच्या, बाजूला ६० रुपये. माझे ५२ हजारांवर २,०८० झाले, अधिक ६०, म्हणजे २,१४०. १८ टक्के जीएसटी धरून वर्षाचे २,५२५ रुपये. मधेच चढवलं तर उरलेल्या काळापुरतं घेतात. ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे, दर २००७ पासून कंपन्यांवर सोडलेले आहेत, त्यामुळे एखादी कंपनी सूट देईल, एखादी नाही. थर्ड पार्टीचा दर मात्र सरकार ठरवतं, हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २,०९४, तो सगळीकडे सारखा. किट कारखान्यातूनच आलं असेल आणि त्याची वेगळी किंमत नसेल, तर हिशेब वेगळा: ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५ टक्के.

रिन्युअलला अजून खाली आलं. किटची किंमत ५ टक्के घसारा धरून ४९,४०० झाली, तिचे ४ टक्के १,९७६. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, ५० टक्के आहे आणि तो या रकमेलाही लागला, म्हणून राहिले ९८८. साठ मिळवा, जीएसटी मिळवा, १,२३७ रुपये वर्षाला. यासाठी लोक पासिंग टाळतात.

हेल्पलाइनचा एक स्टार. काकांच्या आधी मी तिथे फोन केला होता. पलीकडच्या बाई म्हणाल्या, नवीन पॉलिसी काढावी लागेल आणि नो क्लेम बोनस जाईल. दोन्ही चूक. बोनस जातो क्लेम घेतल्यावर. पॉलिसीत बदल नोंदवला म्हणून तो का जावा? मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा तेच वाचून दाखवलं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर पन्नास टक्के बोनस जाईल या भीतीने किट लपवूनच ठेवलं असतं.

रिन्युअलच्या वेळी अजून एक गंमत. काकांना विचारण्याआधी मोबाइलवर भाव पाहावा म्हणून एका तुलना करणाऱ्या साइटवर गाडीचा नंबर टाकला. तिने आपोआप माहिती आणली, गाडीचं मॉडेल बरोबर, वर्ष बरोबर, इंधन पेट्रोल. आरसीवर चढून कितीतरी दिवस झाले होते, तरी पेट्रोल. हप्ता अर्थातच कमी दाखवला आणि शेजारी हिरव्या अक्षरात बचत. खाली एक बारीक ओळ होती, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे का, ती उघडून किंमत टाकल्यावर खरा आकडा आला. ज्यांनी आदल्या वर्षी सगळं नीट केलं त्यांचंही किट दुसऱ्या वर्षी असं गळून पडतं. पॉलिसी हातात आली की हप्त्याचा तक्ता उघडून सीएनजीची ओळ शोधा. नसेल तर त्याच दिवशी बोंब मारा.

हे सगळं मी इतकं ताणून का सांगतोय, तर आमच्याच लाइनमधल्या एका मित्राचं उदाहरण समोर आहे. चांदवडच्या घाटात मागून टेंपोने ठोकलं. डिकी चेपली, सिलिंडरचा ब्रॅकेट वाकला, नशिबाने गळती झाली नाही. सर्व्हेअर आला, त्याने पहिली डिकी उघडली. सिलिंडर पाहिला, आरसी मागितली. आरसीवर पेट्रोल, पॉलिसीवर पेट्रोल. पुढचे कित्येक आठवडे फाइल इकडून तिकडे. शेवटी क्लेम नॉन-स्टँडर्ड, म्हणजे अट मोडलेला, धरून पत्र्याच्या कामाचे ७५ टक्के दिले आणि किटचे शून्य. हेही पदरात पडलं ते एका वकिलाने सुप्रीम कोर्टाचा २०१० चा अमलेंदु साहू निकाल दाखवून पत्र लिहिलं तेव्हा. तो खटला खासगी गाडी भाड्याने दिल्याचा होता, पण त्यातलं सूत्र असं की अट मोडली म्हणून अख्खा क्लेम फेटाळायचा नाही, कापून का होईना द्यायचा. आता हिशेब करा. त्याने पासिंग वाचवून आठ-नऊ हजार राखले होते.

आणि जे ७५ टक्के म्हणतोय तेही घसारा कापून उरलेल्याचे. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांना निम्मा घसारा, धातूच्या भागांना गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के, काचेला नाही. जुन्या गाडीचा क्लेम म्हणजे आधीच अर्धपोटी जेवण. त्यात नोंद नसलेलं किट असेल तर ताटच ओढून घेतात.

सातपूरच्या शेटचं मूळ दुकान ॲक्सेसरीजचं, त्यामुळे किट बसेपर्यंत त्यांनी मला अजून बरंच विकून पाहिलं. टचस्क्रीनचा म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील, पुढचा लोखंडी गार्ड. यात विम्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या जाती आहेत. म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, जादा दिवे ही विजेवर चालणारी, यांची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून तिच्यावर पुन्हा तेच ४ टक्के, आयएमटी २४. अलॉय, कॅरियर ही बिनविजेची. यांची किंमत गाडीच्या किमतीला जोडली जाते आणि हप्ता त्या प्रमाणात वाढतो. दोन्हीला पक्कं बिल हवं. कच्च्या बिलावर घेतलेली अलॉय चोरीला गेली तर कंपनीच्या हिशेबी तुमच्या गाडीला लोखंडी रिमच होते. मी नऊ हजारांचा म्युझिक सिस्टीम घेतला, त्याचे वर्षाला ३६० आणि कर, तेही चढवले. अलॉय नाही घेतले. वॅगनआरला अलॉय लावून डॉक्टर जास्त प्रिस्क्रिप्शन लिहीत नाहीत.

तिसरी जात म्हणजे पुढचा गार्ड. याला विमा असतो का असं मी विचारलं, तर शेट गालातल्या गालात हसले. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहून क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. २०१९ च्या जानेवारीत केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं की मान्य झालेल्या नमुन्यापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजारांचा दंड आला, सहा महिने कैदही होऊ शकते. अशी वस्तू पॉलिसीवर चढवायला जाणं म्हणजे आपल्याच हाताने कबुलीजबाब लिहून देणं. तरी शेट गार्ड विकतात. दुकानाबाहेर रांगेत टांगलेले असतात. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो, म्हणाले, "गिऱ्हाईक मागतं." किटच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस गार्डच्या बाबतीत असा, याचं मला अजून कोडं आहे.

सगळे बदल हप्ता वाढवतातच असंही नाही. शेजारच्या गॅरेजमध्ये एक ॲडव्होकेट आपली गाडी घेऊन आले होते, लहानपणी पोलिओ झालेले. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताच्या दांड्यावर घेतलेला. दिव्यांगांसाठी असा बदल करून आरसीवर तशी नोंद केली तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट आहे, टॅरिफमध्ये आयएमटी १२ म्हणून. त्यांना ते माहीत होतं, त्यांच्या आधीच्या एजंटला माहीत नव्हतं. एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तरी अडीच टक्के मिळतात, पण कमाल ५०० रुपये. माझ्यासारख्याच्या गाडीला त्यात चहासुद्धा दोनदाच होईल, मी नाद सोडला.

जाणार असाल तर. आदल्या दिवशी फोन करून नंबर लावा, दिवसाला मोजक्याच गाड्या घेतात आणि सकाळी दहाच्या आत गाडी हवी. मूळ आरसी, पॉलिसीची प्रत, आधार, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र सोबत ठेवा. सिलिंडर वर टांगून स्टेपनी मोकळी ठेवणारा स्टँड ते आपणहून दाखवत नाहीत, मागावा लागतो, पैसे वेगळे. मला तो नंतर कळला. बटण कुठे बसवायचं ते सीटवर बसून, गुडघा लावून ठरवा. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख पाटीवर असते, तिचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, मुदत टळली की पंपावर गॅस भरायला नकार देतात. बिलावर किटची किंमत आणि मजुरी एकत्र न लिहिता वेगवेगळी लिहून मागा, काका म्हणतात पॉलिसीत किटची रक्कम टाकताना त्यावरून वाद होतो. आणि गाडी ताब्यात घेण्याआधी डिकीचा गालिचा उचलून बोल्टच्या कडा पाहा.